चिकूच्या झाडावरचं जाळं

हेरंब पारनेरकरांनी जन्मात माशाचा तुकडा तोंडात घातला नाही आणि जन्मभर मासे मोजण्याखेरीज दुसरा उद्योग केला नाही. बडोद्यात ही गोष्ट समजावून सांगणं फार जिकिरीचं होतं. मराठी मंडळींना वाटे, बोटीवर चोरून खात असणार, घरी सोवळेपणाचा आव आणतो. गुजराती शेजाऱ्यांना वाटे, खायचे नाहीत तर मोजायचे कशाला? हेरंबराव दोघांनाही एकच उत्तर देत, "सरकारला हवंय." सरकारला काय काय हवं असतं याचा अनुभव सगळ्यांच्याच गाठीला असल्यामुळे पुढे कुणी विचारत नसे.

त्यांचं लहानपण बडोद्यातल्या घडियाळी पोळ या जुन्या गल्लीत गेलं. वडील गोविंदराव जुन्या संस्थानाच्या दप्तरखान्यात कारकून होते. कागद वाळवीपासून कसा वाचवावा आणि माणसांना कागदापासून कसं दूर ठेवावं, या दोन्ही विद्या त्यांना येत. हेरंब फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाला आणि मत्स्य-सर्वेक्षणाच्या सरकारी खात्यात ध्वनियंत्र चालवायला माणूस हवा अशी जाहिरात आली, तेव्हा गोविंदराव म्हणाले, "समुद्र? अरे, आपल्या घराण्यात सुरसागर तलावापेक्षा मोठं पाणी कुणी पाहिलेलं नाही. आणि तोही काठावरून."

"बाबा, यंत्र टेबलावर असतं. मी खुर्चीत बसणार," हेरंब म्हणाला.

हे अगदी खरं निघालं. यंत्र टेबलावर होतं, खुर्चीही होती. फक्त टेबल आणि खुर्ची दोन्ही जमिनीला स्क्रूने पक्की ठोकलेली होती. शंका तेव्हाच यायला हवी होती. पोरबंदरचा धक्का सोडल्यावर पाऊण तासात स्क्रू कशासाठी ते कळलं. स्क्रू फक्त हेरंबरावांना मारायचे राहिले होते. पहिले तीन दिवस त्यांनी बादलीला कवटाळून काढले. चौथ्या दिवशी बोटीवरच्या खानसाम्याने दया येऊन मुगाची खिचडी करून दिली आणि ती पोटात राहिली. तेव्हापासून 'सागरवेध' बोटीवर त्यांचं नाव खिचडीसाहेब पडलं. तेवीस वर्षं झाली, नाव टिकलं आहे. खिचडीही टिकली आहे.

प्रत्येक सफर संपली की ते पोरबंदरहून गाडी पकडून बडोद्याला येत, स्टेशनावर उतरल्यावर क्षणभर दोन्ही पाय रोवून उभे राहत, आणि फलाट हलत नाही याची खात्री पटली की मगच रिक्षावाल्याशी घासाघीस करत. रिक्षावाले त्या एका क्षणात ओळखून घेत, की गिऱ्हाईक आज खुशीत आहे, पाच रुपये जास्त देईल.

कामाचं स्वरूप त्यांना लग्नकार्यात नेहमी समजावून सांगावं लागे. त्यासाठी त्यांनी खास बडोद्याचा दाखला तयार ठेवला होता.

"असं समजा," ते म्हणत, "नवरात्रात गरब्याचं मैदान आहे, चारी बाजूंनी कनात लावलेली आहे, आणि तुम्हाला आत सोडत नाहीत. आत किती माणसं आहेत हे कसं ओळखाल? बाहेरून कान देऊन. टाळ्यांचा आवाज मोठा, म्हणजे माणसं जास्त. आमचा इको साउंडर हेच करतो. बोटीखालून पाण्यात आवाज सोडतो, माशाच्या पोटात हवेची पिशवी असते तिच्यावर आपटून तो परत येतो, आणि यंत्रातली सुई कागदावर काळे ठिपके जाळत जाते. ठिपके दाट, मासे दाट."

"पण मासा कुठला ते कसं कळतं?" असं कुणीतरी हमखास विचारी.

"तिथंच तर गोम आहे. आवाजावरून टाळ्या कळतात, टाळ्या वाजवणारे कळत नाहीत. मग मधूनमधून कनातीखालून हात घालून दहापाच माणसं बाहेर ओढायची. बघायचं, बायका किती, पुरुष किती, वय काय, वजन काय. ते आमचं जाळं."

वजन विचारल्याबद्दल मावश्या नाराज होत, पण मुद्दा कळे.

जाळ्यावरूनही एक स्वतंत्र आकडा निघतो. जाळं समुद्राच्या तळावरून तासभर ओढायचं. बोट तासात किती चालली ते ठाऊक असतं. जाळ्याचं तोंड किती रुंद उघडलं होतं हे मात्र पाण्याखाली जाऊन कोण बघणार? म्हणून वर्षानुवर्षांची रीत अशी, की तोंडाच्या वरच्या दोराची जी लांबी असेल, तिच्या निम्मं तोंड उघडलं असं धरायचं. तेवढ्या रुंदीचा पट्टा आपण झाडून काढला, त्यात इतके किलो सापडले, तर सगळ्या भागात किती? त्रैराशिक. चौथीतल्या पोराला येईल. फक्त चौथीतलं पोर ते हलणाऱ्या टेबलावर करत नाही.

आणि हलणं हीच खरी अडचण होती. प्रत्येक ओढीचा एक छापील तक्ता भरायचा असे. खाली माशांची नावं आणि वजनं, वर मथळ्यात बोटीचं नाव, सफरीचा क्रमांक, जाळ्याचा प्रकार, वरच्या दोराची लांबी अशी नऊ कलमं. दर ओढीला तीच नऊ कलमं डुलत्या बोटीवर लिहिताना हेरंबरावांच्या अक्षराची अशी काही दशा होई, की मुंबईच्या कचेरीने एकदा 'पोरबंदर'चं 'पोरबदक' वाचून खुलासा मागवला होता. तेव्हापासून त्यांनी एक सोय करून घेतली. सफरीला निघण्यापूर्वी कोरे तक्ते ते बडोद्याला घरी आणत, आणि समा भागातल्या त्यांच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे अंगणाच्या बैठ्या घरात, न हलणाऱ्या टेबलावर, त्यांची बायको निरुपमा सगळ्या तक्त्यांचे मथळे कार्बन घालून एकदमच भरून टाकी.

निरुपमाबाई मराठी शाळेत गणित शिकवत. आधी समास, मग मथळा, मग उत्तर, ही त्यांची शिस्त आणि अक्षर असं, की वाटावं छापून आलंय. खात्यात पारनेरकरांचे तक्ते नमुना म्हणून नवीन माणसांना दाखवत. नवीन माणसं ते पाहून खचून जात.

ही सगळी पार्श्वभूमी. गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या मार्च महिन्यातली आहे.

त्या वर्षी 'सागरवेध'ने सौराष्ट्राच्या किनाऱ्यापलीकडचा मोठा पट्टा पिंजून काढला होता. शोध होता राणी माशाचा. गुलाबी, वीतभर लांब, तळाजवळ राहणारा. एरवी असल्या अहवालांना कचेरीत कुणी हात लावत नसे, पण दिवस बदलले होते. देशाची दारं उघडली होती, आणि त्या दारांतून बाहेरच्या कंपन्यांच्या भागीदारीतल्या मोठमोठ्या बोटी आत यायला बघत होत्या. त्या पट्ट्यात किती बोटींना परवाने द्यायचे हे ठरवायला मुंबईत एका सोमवारी बैठक होती, आणि बैठकीपुढे एकच प्रश्न होता. तिथे राणी किती आहे?

जाळं म्हणालं, साठ हजार टन.

इको साउंडर म्हणाला, सत्तेचाळीस हजार.

मुंबईचे मुख्य शास्त्रज्ञ विश्वासराव हे अनुभवी गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवून बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "पारनेरकर, राणी तळाला चिकटून असते. अगदी तळालगतचा मासा तुमच्या यंत्राला दिसत नाही, जमिनीच्या आवाजात त्याचा आवाज बुडून जातो. म्हणून तुमचा आकडा कमी."

हे शास्त्राला धरून होतं. पण हेरंबरावांनी कागदाची ती भेंडोळी स्वतः पाहिली होती. त्या सफरीत राणी तळाला चिकटलेली नव्हती. चांगली दोन पुरुष उंचीवर, ढगासारखी तरंगत होती. "साहेब, मला नाही वाटत..." त्यांनी सुरुवात केली.

"मग जाळं खोटं बोलतंय म्हणता? मासे वजन करून डेकवर ठेवले होते ना?"

ठेवले होते. वजनापुढे काय बोलणार? हेरंबरावांनी साठ हजारांखाली सही केली. अहवाल बुधवारी पुढे गेला आणि गुरुवारी सकाळी ते बडोद्याला उतरले, पाठीवर एक पोतं घेऊन.

पोत्यात जाळं होतं. या सफरीत सहाव्या ओढीलाच जाळं तळाच्या खडकाला अडकून त्याच्या चिंध्या झाल्या. बोटीवरच्या जाळ्यांचे मुकादम जीवाभाई खारवा यांनी अर्ध्या तासात दुसरं जाळं जोडलं आणि काम पुढे सुरू झालं. फाटकं जाळं टाकूनच देणार होते. हेरंबरावांना आठवलं, की अंगणातल्या चिकूवर पोपट आणि खारी पडून असतात आणि निरू दोन वर्षं जाळी आणा, जाळी आणा म्हणून मागे लागली आहे. त्यांनी त्यातला बारीक विणीचा तुकडा मागून घेतला.

निरुपमाबाईंनी तो आधी साबणात भिजवला, मग कडुनिंबाच्या पाण्यात, मग पुन्हा साबणात. शुक्रवारी दुपारी दोघांनी मिळून चिकूवर पसरला. पोपट चकित होऊन समोरच्या तारेवर बसले. जाळं सुरेख बसलं होतं. फक्त संध्याकाळी वारा सुटला, तेव्हा तीन वेळा धुतलेल्या त्या जाळ्याने आपली जन्मकथा सगळ्या सोसायटीला सांगायला सुरुवात केली.

पंधरा मिनिटांत सोसायटीचे सेक्रेटरी रमणभाई शाह फाटकाशी आले. रमणभाई जैन, बँकेतून निवृत्त, अत्यंत सभ्य. नाकाला रुमाल लावायचा होता, पण पारनेरकरांना वाईट वाटेल म्हणून त्यांनी तो नुसता हातात धरला होता.

"पारनेरकरभाई, केम छो? आराम?"

"मजेत, रमणभाई. या ना."

"ना ना, इथूनच." रमणभाईंनी चिकूकडे पाहिलं. "ही जाळी... म्हणजे नवी आहे?"

"जुनीच आहे. बोटीवरची. सहाव्या ओढीला फाटली म्हणून घेऊन आलो. वास जाईल हो दोन दिवसांत."

"जाशे, जाशे," रमणभाई म्हणाले. वासाबद्दल एकदम बोलणं त्यांना जमेना. म्हणून सभ्य माणसं करतात तशी त्यांनी इकडची तिकडची चौकशी सुरू केली. "पछी काम बंद पडलं असेल?"

"छे, बंद कसलं? पुढे चौतीस ओढी केल्या."

रमणभाईंनी जाळ्याकडे पाहिलं, हेरंबरावांकडे पाहिलं. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एखादी गोष्ट जुळली नाही की कपाळाला आठी पडते, तशी पडली.

"आ जाळ तो अहींया छे," ते म्हणाले. "तो पछी दरियामां शुं नाख्युं?"

जाळं तर इथं आहे, मग दर्यात काय टाकलंत? जन्मात ज्यांनी समुद्राकडे तोंड केलं नव्हतं आणि माशाकडे तर पाठच केली होती, अशा रमणभाईंनी विचारलेला हा साधा प्रश्न.

"दुसरं जाळं," हेरंबराव म्हणाले.

आणि चिकूवरच्या जाळ्याकडे बघू लागले.

रमणभाईंना वाटलं, वासाचा विषय न काढताही यांना लागला. "ना, पण एवढा काही वास नाही हं," ते घाईने म्हणाले.

हेरंबराव वळले आणि चपला न काढता घरात गेले. निरुपमाबाई पोळ्या लाटत होत्या. नवरा चपला घालून स्वयंपाकघरात शिरतो म्हणजे एक तर भूकंप, नाहीतर बदली, हे त्यांनी ओळखलं.

"निरू, तक्त्यांवर दोर किती लिहिला होतास?"

"तुम्ही सांगितलात तेवढा. चौतीस मीटर."

"सगळ्यांवर?"

"चाळीसच्या चाळीस तक्त्यांवर. का?"

"जाळं बदललं ग. सातव्या ओढीपासून दुसरं जाळं होतं, आणि मी ते मथळ्यात बदललंच नाही. बघितलंच नाही. मथळा भरलेला होता ना, मी खाली वजनं लिहीत गेलो."

निरुपमाबाईंनी गॅस बंद केला. "दुसरंही तेवढंच असेल."

"असेलही."

"मग एवढं काय?"

"नसलं तर? निरू, सोमवारी त्या आकड्यावर परवाने वाटतील. नसलेल्या माशांसाठी बोटी येतील. त्या बोटींना कोण सांगणार आहे, की बाबांनो, मथळा चुकला?"

या घटकेला हेरंबरावांच्या डोळ्यांपुढे मोठ्या बोटी नव्हत्या. बोटी लांब होत्या. डोळ्यांपुढे त्यांची स्वतःची सही होती, हिरव्या शाईतली, पल्लेदार, साठ हजारांच्या खाली.

टेलिफोन सोसायटीत रमणभाईंकडे होता. रमणभाई फाटकाशीच उभे होते. आपण असं काय बोललो, या काळजीत. त्यांनी काही न विचारता हेरंबरावांना घरी नेलं आणि डायलचं कुलूप काढलं. हे कुलूप ते स्वतःच्या सुनेसाठीही काढत नसत.

पोरबंदरला जीवाभाईंच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या बर्फाच्या कारखान्यात होता. तिथल्या माणसाने "बोलावतो" म्हणून रिसिव्हर टेबलावर ठेवला. पुढची सात मिनिटं हेरंबरावांनी बर्फ फोडल्याचे आवाज ऐकले. जन्मभर पाण्याखालचे आवाज ऐकून त्यांवरून अंदाज बांधणारा माणूस तो, पण त्या सात मिनिटांत त्यांना एकाही आवाजावरून काही सांगता आलं नसतं.

"बोला, खिचडीसाहेब!" जीवाभाई आले.

"जीवाभाई, सहाव्या ओढीनंतर जोडलंत ते जाळं केवढं होतं? वरचा दोर किती?"

"मोटुं हतुं. पंचेचाळीस मीटर."

"नक्की?"

"साहेब, मी स्वतः वेटोळं सोडून हाताने मापलं होतं. जुनं चौतीसचं, हे पंचेचाळीसचं. तुम्हाला सांगायला आलो तर तुम्ही कानाला ते भोंगे लावून बसले होते. तुम्ही म्हणालात, जाळं कुठलंही टाक बाबा, पण वेळ चुकवू नको."

हेरंबरावांना आठवलं. म्हणाले होते. अगदी याच शब्दांत. वर हातही झटकला होता.

रिसिव्हर ठेवून ते वळले तेव्हा रमणभाई, त्यांची बायको, सून आणि जपमाळ घेतलेली आई, असं सगळं कुटुंब उभं होतं. "सब ठीक?" रमणभाईंनी विचारलं.

"नाही, रमणभाई. पण कळलं, हे ठीक झालं."

घरी येऊन त्यांनी तक्त्यांच्या कार्बन प्रती जेवणाच्या टेबलावर काढल्या. निरुपमाबाई समोर बसल्या. त्यांचा चेहरा परीक्षेच्या पेपरात चूक सापडलेल्या शिक्षकासारखा होता, आणि पेपर त्यांनीच काढला होता.

"मला नीट सांगा," त्या म्हणाल्या. "जाळं मोठं होतं, मग मासे जास्त नाही का सापडणार?"

"सापडलेच ना. तू अंगण झाडलंस, आणि पाटीभर पानं निघाली. झाडू अरुंद असेल, तर तू थोडीच जागा झाडलीस. थोड्या जागेत पाटीभर पानं, म्हणजे पाचोळा फार. पण झाडू मुळात रुंद होता, तर?"

"तर जागा जास्त झाडली. म्हणजे पाचोळा तितका नव्हता."

"आम्ही सतरा मीटरचा झाडू धरला. होता साडेबावीसचा."

निरुपमाबाईंनी पेन्सिल घेतली. पहिल्या सहा ओढी तशाच ठेवल्या. उरलेल्या चौतीस ओढींचे आकडे एकेक करून नव्याने काढायला लागल्या. हेरंबराव वाचून दाखवत, त्या मांडत. पोळ्या ताटलीखाली तशाच राहिल्या. मध्येच हेरंबराव म्हणाले, "आपण तक्ते घरी भरायला नको होते."

"अक्षर चांगलं आहे हा माझा दोष नाही," निरुपमाबाई मान वर न करता म्हणाल्या. "पुढचा सांगा. एकोणतिसावी."

बेरीज त्यांनी दोनदा केली. शाळेत पोरांना दोनदा करा म्हणून सांगतात म्हणून नव्हे. पहिल्यांदा जे उत्तर आलं, त्यावर त्यांचा विश्वास बसेना. मग वही फिरवून त्यांनी नवऱ्याकडे सरकवली.

"साडेसत्तेचाळीस हजार."

हेरंबराव बघत राहिले. "काय म्हणालीस?"

"साडेसत्तेचाळीस. तुमच्या त्या यंत्राने किती सांगितलं होतं?"

"सत्तेचाळीस."

मग हेरंबराव खुर्चीत मागे रेलले आणि त्यांच्या तोंडून एक असा लांबलचक श्वास बाहेर पडला, की टेबलावरचे दोन तक्ते उडाले. यंत्र खरं बोलत होतं. राणी खरंच तळापासून वर तरंगत होती. त्यांच्या डोळ्यांनी, त्यांच्या कानांनी, तेवीस वर्षांच्या त्या खिचडीने त्यांना फसवलेलं नव्हतं. फसवलं होतं फक्त एका कलमाने, आणि तेही सुवाच्य होतं म्हणून.

"जेवा आता," निरुपमाबाई म्हणाल्या.

"जेवतो. पण विश्वासरावांना सांगायचंय."

"ते ओरडतील?"

"ओरडणारच. सही करून दिलेला आकडा, वरपर्यंत गेलेला. माणूस ओरडेल नाहीतर काय करेल?"

शनिवारी सकाळी बरोबर आठ वाजता हेरंबराव पुन्हा रमणभाईंकडे हजर झाले. आज डायलचं कुलूप आधीच काढून ठेवलेलं होतं. मुंबईला विश्वासरावांच्या घरचा फोन एकाच घंटेत उचलला गेला. हेरंबरावांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. खडक, फाटकं जाळं, दुसरं जाळं, जीवाभाईंनी हाताने घेतलेलं माप, मथळे, बायकोचं अक्षर, चिकूचं झाड. झाड सांगायची गरज नव्हती, पण कबुली द्यायला बसलं की माणूस काही मागे ठेवत नाही.

मग विश्वासरावांचा आवाज आला, जरा घोगरा. "नवीन आकडा किती म्हणालात?"

"साडेसत्तेचाळीस, साहेब."

"आणि यंत्राचा सत्तेचाळीस."

"हो, साहेब. चूक माझी आहे. लेखी देतो."

"पारनेरकर," विश्वासराव म्हणाले, "मला बुधवारपासून झोप नाही. सोमवारी तिथे कुणी ना कुणी विचारणारच होतं, की तुमच्याच बोटीवरची दोन साधनं तेरा हजार टनांनी का भांडतायत? मी आरशासमोर उभा राहून 'मासा तळाला चिकटतो' हे चार वेळा म्हणून पाहिलं. चौथ्यांदा माझाच विश्वास बसेना. तुम्ही त्या दिवशी 'मला नाही वाटत' म्हणालात, तेव्हा मी ऐकायला हवं होतं."

"साहेब, तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावेन हो. मंगळवारी. आज फॅक्स करा. जुने तक्ते, नवे आकडे, जाळं कधी बदललं ते, आणि त्या खारव्याचं नाव. मापणारा माणूस तो एकटाच दिसतोय."

फॅक्सची सोय नव्याने उघडलेल्या एका झेरॉक्सच्या दुकानात होती. दुकानदाराने एकेका कागदावर दोन-दोन तक्ते बसवून एकवीस कागद पाठवले आणि प्रत्येक कागद गेला की "गयुं" म्हणून जाहीर केलं. एकविसाव्या "गयुं"नंतर हेरंबराव दुकानाबाहेरच्या पायरीवर बसले आणि रस्त्यावरची वाहनं बघत राहिले. कुठलंच वाहन त्यांच्या सहीनिशी चाललेलं नव्हतं. फार बरं वाटलं.

तरी सोमवार उरला होता. आकडा गेला, पण बैठक तो मानेल? मोठा आकडा सोडून लहान आकडा कुणाला आवडतो? सोमवारी निरुपमाबाई शाळेतून आल्या, तेव्हा हेरंबराव अंगणात येरझाऱ्या घालत होते आणि पोपट तारेवरून त्यांच्याकडे पाहत होते. साडेचार वाजता रमणभाईंच्या गच्चीवरून हाक आली, "पारनेरकरभाई! मुंबई!"

हेरंबराव धावले. विश्वासरावांच्या आवाजामागे कचेरीची गडबड ऐकू येत होती.

"मानला," ते म्हणाले. "कंपन्यांच्या माणसांनी खूप आरडाओरडा केला. म्हणाले, गेल्या आठवड्यात साठ आणि आज साडेसत्तेचाळीस, साडेबारा हजार टन मासे काय चालत गेले? मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. म्हटलं, यंत्राने ऐकलं सत्तेचाळीस, जाळ्याने धरलं साडेसत्तेचाळीस. अध्यक्ष म्हणाले, एकाच खात्यातल्या दोन गोष्टी एकच सांगतायत हे मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय. झालं. परवाने त्या हिशेबाने कमी. सरसकट कमी."

"आणि माझ्या चुकीचं काय झालं, साहेब?"

"विचारलं ना एकाने, की चाळीस तक्ते तपासताना कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? मी खरं ते सांगितलं. अक्षर इतकं सुंदर होतं की कुणी वाचलंच नाही." विश्वासराव हसले. "उद्या रागावतो. आज नाही."

हेरंबरावांनी रिसिव्हर जपून ठेवला आणि तिथंच भिंतीला टेकून उभे राहिले. रमणभाई शेजारी उभे. शुक्रवारी विचारलेल्या आपल्याच एका प्रश्नातून हे सगळं निघालं, हे त्यांना निरुपमाबाईंकडून कळलं होतं, आणि त्याचं पुण्य लागलं की पाप, हे त्यांना अजून ठरवता येत नव्हतं.

"पारनेरकरभाई, एक पूछूं?" ते म्हणाले. "साडेबारा हजार टन कमी झालं. म्हणजे आपण साडेबारा हजार टन मासे वाचवले?"

"नाही हो, रमणभाई. ते साडेबारा हजार टन कधी नव्हतेच."

रमणभाईंच्या कपाळाला पुन्हा आठी पडली. "नव्हते, आणि पकडायला निघाले होते?"

"हो. ते सापडले नसते. मग बोटी रिकाम्या कशा परत जाणार? जे आहेत त्यांच्यातलेच जास्तीचे ओढून नेले असते."

मग आठी मोडली. बँकेतल्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

"समजी गयो," ते म्हणाले, आणि मोठ्याने आत हाक मारली, "सांभळो छो? पारनेरकरभाई माटे चा मूको! आदू नाखजो!"

चहा आला, आल्याचा. शुक्रवारपासून हेरंबराव चहा पीत होते, पण त्यात साखर आहे की नाही, एवढंही त्यांना कळलं नव्हतं. आज कळलं. फार होती. त्यांनी बशीत ओतून सगळा प्यायला आणि कप पुढे केला, "अजून अर्धा मिळेल का, बेन?"